मजकुराची साक्ष

पावसाळ्याच्या दिवसांत महाडच्या एस. टी. स्थानकावर सावित्रीचे पाणी कोठवर चढले याची चौकशी करीत जो तो आपापल्या गाडीकडे धावत असतो, त्या गर्दीत अलीकडे काही वर्षे एक नवा प्रवासी मला हटकून दिसू लागला आहे. पाठीवरच्या पिशवीत पासपोर्ट आणि दोन वह्या घेऊन तो मुंबईची किंवा पुण्याची गाडी धरतो. तेथील केंद्रात दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रजीची परीक्षा द्यावी आणि तिच्या बळावर परक्या देशातील विद्यापीठात, इस्पितळात वा कारखान्यात प्रवेश मिळवावा, ही त्याची आकांक्षा असते. कोणी बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीत चार वर्षे काढलेला रसायनतंत्रज्ञ असतो, कोणी लोणेऱ्याच्या विद्यापीठातून बाहेर पडलेली अभियंता असते, तर कोणी पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून मुंबईस जाऊन परिचारिका झालेली मुलगी असते. या मुलामुलींशी वरचेवर बोलण्याचा प्रसंग येत गेला, आणि त्यातून जे ध्यानात आले ते त्यांच्याच उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

इंग्रजीत बोलावे लागणार, या धास्तीने ही मुले महिनोन्‌महिने आरशासमोर उभी राहून उत्तरे घोकतात आणि निबंधासाठी शिकवणी लावतात. परंतु वाचनाच्या विभागाची तयारी मात्र ‘इंग्रजी वाचता तर येतेच’ या एका वाक्यावर आटोपती घेतात. पुढे निकाल हाती आला म्हणजे बोलण्यात अपेक्षेहून बरे आणि वाचनात अपेक्षेहून कमी गुण पाहून ती बुचकळ्यात पडतात. पाचवीपासून, कित्येकदा पहिलीपासून, जी भाषा आपण वाचीत आलो तिच्यातील उतारा समजूनही उत्तर चुकावे याचा उलगडा त्यांना होत नाही. तो उलगडा साधा आहे. उतारा समजणे हे एक काम आणि उताऱ्याशी इमान राखून उत्तर देणे हे दुसरे काम. आपल्या शाळांनी पहिल्याचा सराव पुष्कळ करून घेतला, दुसऱ्याचा जवळजवळ नाहीच.

प्रथम परीक्षेचा तपशील पाहू. आयईएलटीएस या परीक्षेत वाचनाच्या विभागास साठ मिनिटे असतात आणि तेवढ्यात चाळीस प्रश्न सोडवावयाचे असतात. विद्यापीठीय शिक्षणासाठी बसणाऱ्यांच्या अकॅडेमिक पत्रिकेत तीन दीर्घ उतारे येतात व तिन्ही मिळून शब्दसंख्या २१५० ते २७५० च्या दरम्यान असते. स्थलांतरासाठी बसणाऱ्यांच्या जनरल ट्रेनिंग पत्रिकेत आरंभी जाहिराती, सूचनापत्रके, नोकरीच्या अटी असे लहान मजकूर आणि अखेरीस एक मोठा उतारा, अशी मांडणी असते. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, सबब एकही जागा कोरी सोडणे म्हणजे हातचे दान नाकारणे होय. उत्तरे उतरवून घेण्यास निराळा वेळ मिळत नाही, हे कागदावर परीक्षा देणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. अकॅडेमिक पत्रिकेत साधारणतः तेवीस उत्तरे बरोबर आली तर सहाचा आणि तीस आली तर सातचा बँड पडतो. जनरल ट्रेनिंगमध्ये उतारे तुलनेने सोपे असल्यामुळे त्याच बँडांसाठी अनुक्रमे तीस व चौतीस उत्तरांची गरज पडते. गुणपत्रक दोन वर्षे ग्राह्य मानले जाते. कोणत्या संस्थेला कोणती पत्रिका व किती बँड हवा, ही अट मात्र त्या संस्थेच्या आजच्या नियमावलीत स्वतः वाचावी, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. ज्या परीक्षेचा विषयच नेमके वाचन हा आहे, तिच्या अटीच ऐकीव माहितीवर ठरवणे बरे नव्हे.

आपल्या डोंगराळ मुलखातील मुलांना हे जमेल काय, असा प्रश्न पालक विचारतात तेव्हा मी त्यांना रायगडाच्या पायथ्याजवळील नाते या गावाकडे बोट दाखवतो. महाड तालुक्यातील या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व १९५० साली देशाचे अर्थमंत्री अशी पदे त्यांनी भूषविली आणि कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. त्यांच्या असामान्य बुद्धीची बरोबरी कोणी करावी असे मी म्हणत नाही. परंतु संस्कृत वाचणाऱ्याला शब्द फोडून पाहण्याची, विभक्तीवरून कर्ता हुडकण्याची आणि अन्वय लागेपर्यंत अर्थ न ठरवण्याची जी सवय लागते, ती सवय इंग्रजी उताऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते, आणि ती महाड-पोलादपूरच्या शाळांतून आजही मिळू शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या परीक्षेत सर्वांत अधिक बळी जातात ते ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रश्नप्रकारात. एक विधान दिलेले असते; ते उताऱ्याशी जुळते, उताऱ्याच्या विरुद्ध आहे, की त्याविषयी उतारा मौन बाळगतो, एवढे ठरवावयाचे असते. पहिल्या दोन उत्तरांची आपल्याला शाळेपासून ओळख आहे. तिसरे उत्तर नवे आहे, आणि नवखेपणामुळे विद्यार्थी एक तर त्याला घाबरतो किंवा अडला की सरसकट तेच लिहून मोकळा होतो. वस्तुतः आपल्या गावच्या माणसाला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. जमिनीच्या कज्ज्यांत आपली कैक घराणी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. सातबाऱ्यावर आपले नाव शोधावयास कोणी गेला आणि ते सापडले नाही, तर ‘नोंद नाही’ एवढेच तलाठी सांगतो. जमीन याची नव्हेच असे म्हणावयाचे झाल्यास दुसऱ्या कोणाच्या नावाची नोंद दाखवावी लागते. ‘नोंद नाही’ म्हणजे नॉट गिव्हन आणि ‘नोंद दुसऱ्याच्या नावे आहे’ म्हणजे फॉल्स. ज्या आजोबांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही त्यांनाही हा भेद कळतो, कारण त्यांनी त्यापायी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेले असतात.

उदाहरणच घेऊ, आणि ते मुद्दाम आपल्या गावचे घेऊ. समजा परीक्षेत पुढील आशयाचा एक इंग्रजी परिच्छेद आला: ‘सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपल्या हद्दीतील चवदार तळ्यास तो लागू केला. परंतु सवर्णांच्या विरोधामुळे ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेस जमलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले.’ या परिच्छेदाखाली तीन विधाने आहेत असे धरू.

पहिले विधान असे की, नगरपालिकेचा ठराव विधिमंडळाच्या ठरावानंतर झाला. असे वाक्य परिच्छेदात जसेच्या तसे कोठेही नाही. तथापि १९२३ आणि १९२४ ही दोन साले समोर आहेत आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष कोणालाही टाळता येणार नाही. उत्तर ट्रू. दुसरे विधान असे की, नगरपालिकेच्या ठरावानंतर अस्पृश्य समाजाने तळ्याचा वापर लागलीच सुरू केला. येथे ‘ठराव कागदावरच राहिला’ या शब्दांवर बोट ठेवता येते. उतारा स्वतःच विधानाच्या विरुद्ध साक्ष देतो, म्हणून उत्तर फॉल्स. तिसरे विधान असे की, मिरवणुकीचे नेतृत्व डॉ. आंबेडकरांनी केले.

हे तिसरे विधान वाचताच महाडच्या मुलाची लेखणी ट्रू या शब्दाकडे आपोआप वळते. त्याने दरवर्षी मार्च महिन्यात चवदार तळ्याकडे लोटणारा जनसागर डोळ्यांनी पाहिलेला असतो, तळ्यावरचा पुतळा पाहिलेला असतो, आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी उचलले तो प्रसंग त्याला शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून ठाऊक असतो. विधान सत्य आहे यात तिळमात्र संशय नाही. परंतु परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. त्यात बाबासाहेबांचे नाव नाही, मिरवणुकीच्या अग्रभागी कोण होते याचा उल्लेख नाही. उत्तर नॉट गिव्हन. जो विषय आपल्याला सर्वांत जवळचा तोच या परीक्षेत सर्वांत धोक्याचा, हे यावरून दिसून येते. आफ्रिकेतील हत्तींवरचा उतारा आला तर विद्यार्थी निमूटपणे मजकुराचे ऐकतो, पण पावसाविषयी, आंब्याविषयी किंवा परिचारिकेच्या कामाविषयी उतारा आला की स्वतःचे ज्ञान मध्ये बोलू लागते.

याच तळ्याच्या इतिहासात या विषयाला लागू पडणारी एक गोष्ट घडलेली आहे आणि ती सांगितल्याविना पुढे जाणे मला शक्य नाही. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. अस्पृश्यांनी या तळ्यावर येऊ नये अशी रूढी फार प्राचीन काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा फैसला बाबासाहेबांच्या बाजूने दिला, तो ही स्मरणातीत काळापासूनची रूढी वादींना पुराव्याने सिद्ध करता आली नाही या आधारावर. रूढी जुनी आहे असे गावातील बहुसंख्यांना मनोमन वाटत असेल. ‘सर्वांना ठाऊकच आहे’ असे शेकडो लोक सांगत असतील. परंतु न्यायासनापुढे प्रश्न एवढाच होता की, समोरच्या पुराव्यातून ते सिद्ध होते काय. परीक्षेतील उताऱ्यापुढे बसताना हाच प्रश्न विचारावा. ज्या गावच्या माणसांनी पुराव्याच्या या आग्रहापायी आपला हक्क मिळवला, त्या गावच्या विद्यार्थ्यास हा आग्रह परका वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा रीत अशी ठेवावी. विधान वाचल्यावर त्यातील असे एक-दोन शब्द हेरावेत की जे उताऱ्यात बदलून येण्याचा संभव कमी, उदाहरणार्थ नाव, साल, आकडा, स्थळ. त्यांच्या आधाराने उताऱ्यातील जागा गाठावी. आणि मग त्या जागेची दोन-तीन वाक्ये सावकाश, शब्द न् शब्द वाचावीत. उत्तर ट्रू असो वा फॉल्स असो, ज्या वाक्यावरून ते ठरवले त्या वाक्यावर बोट ठेवता आले पाहिजे. दोन्हींपैकी कशासाठीही बोट टेकत नसेल तर तिसरे उत्तर लिहून पुढे निघावे, घुटमळू नये. या प्रश्नप्रकारातील विधाने उताऱ्याच्या क्रमानेच येतात, हाही एक मोठा आधार आहे: तिसऱ्या विधानाची जागा सापडली आणि पाचव्याची सापडली, तर चौथ्याची नोंद असलीच तर त्या दोहोंच्या मधल्या भागात असणार. याखेरीज ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘सम’, ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘मे’ असल्या लहान शब्दांवर नजर ठेवावी. उताऱ्यात ‘काही गावांत’ असते आणि विधानात ‘सर्व गावांत’ येते, आणि घाईने वाचणारा गावांची नावे जुळली या समाधानात चुकतो. प्रश्न ‘येस, नो, नॉट गिव्हन’ असा असेल तर तेथे घडलेल्या गोष्टीपेक्षा लेखकाचे मत विचारलेले असते, एवढा फरक ध्यानात ठेवून रीत हीच वापरावी.

दुसरा अवघड प्रकार म्हणजे परिच्छेदांना शीर्षके जोडणे. परिच्छेदांपेक्षा शीर्षके अधिक दिलेली असतात आणि त्यांतली कित्येक परिच्छेदातील एखाद्या ठळक शब्दाशी जुळणारी, पण आशयाशी न जुळणारी असतात. कल्पना करा की एका परिच्छेदात रायगडाचे नाव आहे, पाचाडच्या जिजाऊंच्या वाड्याचा उल्लेख आहे, १६७४ च्या राज्याभिषेकाचाही आहे. परंतु त्यातील बहुतेक वाक्ये फिरून फिरून एकाच गोष्टीकडे येतात, ती अशी की इतक्या उंचावर एवढ्या माणसांना पाणी कसे पुरवले जाई, गंगासागर तलाव कसा, हत्ती तलाव कसा. ‘एका राजाचा अभिषेक’ हे शीर्षक चमकदार दिसेल, परंतु त्याला एकच वाक्य आधार देते. ‘उंचावरील पाण्याची व्यवस्था’ या साध्या शीर्षकास संपूर्ण परिच्छेद आधार देतो. तहसीलदारांकडे अर्ज करताना आपण आरंभी ‘विषय’ म्हणून एक ओळ लिहितो. अर्जात घराची, आजारपणाची, मुलाबाळांची कितीही हकीकत आली तरी विषयाच्या ओळीत ‘रेशनकार्डावर नाव चढवणेबाबत’ एवढेच असते. परिच्छेद वाचून झाला की खाली न पाहता ती विषयाची ओळ मनाशी मराठीत तयार करावी आणि मगच छापील शीर्षकांकडे वळावे. शीर्षके आधी वाचून मग परिच्छेदात त्यांचे समर्थन शोधू लागले म्हणजे कोणत्याही शीर्षकाचे समर्थन सापडते, असा माझा अनुभव आहे.

वाचनाचे वेग दोन असावेत. पहिल्या दोन-तीन मिनिटांत उतारा डोळ्यांखालून घालावा. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पुरे वाचावे, बाकीच्यांवरून नजर फिरवावी, आणि कोठे काय आहे याचा मनात नकाशा तयार करावा. त्यानंतर प्रश्न वाचून नेमकी जागा शोधावयाची, ती स्थानकावर गाडीची पाटी शोधावी तशी. पोलादपूरची गाडी धरणारा माणूस माणगाव, खेड, दापोली, मुंबई या पाट्या वाचीत बसत नाही. त्याच्या डोळ्यांना फक्त ‘पो’ हवा असतो आणि तो दिसताच पाय तिकडे वळतात. उताऱ्यात जागा सापडली की मात्र वेग एकदम कमी करावा. अनेक विद्यार्थी सबंध उतारा एकाच मध्यम चालीने वाचतात. त्यामुळे अनावश्यक भागावर वेळ जातो आणि जेथे थांबायचे तेथेही ते तसेच पुढे निघून जातात.

जागा शोधताना एक अडचण नेहमी येते. प्रश्नातले शब्द उताऱ्यात क्वचितच जसेच्या तसे येतात. परीक्षक ते बदलतात, आणि तो बदल ओळखणे हाच परीक्षेचा गाभा आहे. आपण महाडकर पुराची बातमी किती प्रकारांनी सांगतो ते आठवावे. कोणी म्हणतो सावित्रीला पूर आला, कोणी म्हणतो नदीने पात्र सोडले, कोणी म्हणतो बाजारपेठेत पाणी भरले, कोणी नुसतेच म्हणतो की आज दुकान उघडता येणार नाही. आणि जुलै २०२१ च्या त्या दिवसांनंतर तर ‘पाणी चढतंय’ एवढे दोन शब्द पुरेसे होतात. ऐकणाऱ्याला हे सर्व एकच आहे हे सांगावे लागत नाही. इंग्रजी उताऱ्यात ‘इननडेटेड’ असेल, प्रश्नात ‘अंडर वॉटर’ असेल, पर्यायात ‘सबमर्ज्ड’ असेल. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करताना एकेक सुटा शब्द व त्याचा अर्थ असे न करता, एका अर्थाचे चार-पाच शब्द एकत्र लिहावेत आणि प्रत्येकाचे एक वाक्य सोबत ठेवावे.

अनोळखी शब्द आला म्हणजे विद्यार्थ्याचे अवसान गळते; वास्तविक त्या शब्दाच्या नेमक्या अर्थावाचून बहुधा काही अडत नाही. वर उल्लेखिलेली संस्कृतची सवय येथे कामास येते. ‘अनिवार्य’ हा शब्द आपण न शिकता फोडतो: निषेधाचा ‘अ’, मधला ‘निवार’, आणि योग्यता दाखवणारा शेवट. ‘इररिव्हर्सिबल’ हा इंग्रजी शब्दही असाच फोडावा: आरंभीचा ‘इर’ निषेधाचा, मधला ‘रिव्हर्स’ म्हणजे उलटवणे, अखेरचा ‘इबल’ शक्यतेचा, जे पुन्हा उलटवता येत नाही ते. आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य यांचा कल पाहिला की अर्थ पुष्कळसा हाती येतो, आणि तेवढा पुरतो.

गाळलेल्या जागा भरण्याच्या प्रश्नांविषयी थोडक्यातच सांगतो. ‘दोहोंपेक्षा अधिक शब्द नकोत’ असा हुकूम असेल तर तिसरा शब्द लिहिताच उत्तर बाद होते, मग तो तिसरा शब्द निव्वळ ‘द’ का असेना. उत्तर उताऱ्यातूनच, अक्षरशः उचलावे. स्पेलिंगची एक चूकही माफ होत नाही. अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ आपल्या बोलण्यात गळतो तसा लिहिण्यातही गळतो, तो सांभाळावा. जागा भरण्यापूर्वी तेथे नाम हवे की विशेषण, एकवचन हवे की अनेकवचन, हे वाक्यरचनेवरून आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे शोध निम्म्यावर येतो. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांत चारही पर्यायांतील शब्द उताऱ्यात सापडतात. तेव्हा शब्द सापडला या आनंदात खूण करू नये.

वेळेच्या वाटणीबाबत सर्वसाधारण सल्ला तीन उताऱ्यांना वीस-वीस मिनिटे असा दिला जातो. मला तो पटत नाही. अकॅडेमिक पत्रिकेत उतारे बहुधा चढत्या काठिण्याने येतात, म्हणून पहिल्यास पंधरा, दुसऱ्यास वीस आणि तिसऱ्यास पंचवीस अशी वाटणी अधिक न्याय्य होय. एका प्रश्नाच्या वाट्यास सरासरी दीड मिनिट येते. अडीच मिनिटे होऊनही जागा सापडली नाही तर जे संभाव्य वाटते ते लिहावे, खूण करून ठेवावी आणि पुढे जावे. संगणकावर परीक्षा देणाऱ्यास डाव्या बाजूला उतारा व उजव्या बाजूला प्रश्न दिसतात, मजकुरावर रंग ओढून ठेवता येतो. परंतु ज्याने सारा सराव कागदावर केला त्याचे डोळे पडद्यावर पंधराव्या मिनिटाला शिणतात, म्हणून अखेरच्या महिन्यात सराव त्याच पद्धतीने करावा.

ज्या मुली परिचारिका म्हणून ब्रिटनला वा ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छितात त्यांच्यापुढे ओईटी या परीक्षेचाही मार्ग असतो. तिच्या वाचनविभागातील पहिल्या भागात एकाच वैद्यकीय विषयावरील चार छोटे मजकूर व वीस प्रश्न असतात आणि त्यांसाठी फक्त पंधरा मिनिटे मिळतात; ती संपली की हा भाग परत घेतला जातो व उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या व तिसऱ्या भागांतील बावीस प्रश्न सोडवावयाचे असतात. रात्रपाळीला आलेली परिचारिका रुग्णाचा केसपेपर, औषधांचा तक्ता आणि डॉक्टरांच्या सूचना समोर ठेवून कोणते औषध किती वाजता एवढेच शोधते; पहिल्या भागात तिने अगदी तसेच वाचावे. आपल्या अनुभवावरून ‘हे औषध असेच देतात’ असे ठरवण्याचा मोह मात्र तिला येथे सर्वांत अधिक होणार, हे चवदार तळ्याच्या उदाहरणावरून तिच्या ध्यानात आलेच असेल.

सरावासाठी केंब्रिजने प्रसिद्ध केलेले प्रश्नपत्रिकांचे संच घ्यावेत. एकेका पुस्तकात चार पूर्ण परीक्षा असतात. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर पावसाळ्यात वीज आणि मोबाइलची रेंज यांचा भरवसा नसतो, तेथे छापील पुस्तकच खरा सोबती. एका परीक्षेला एक तास द्यावा आणि तपासणीला दोन तास द्यावेत: चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कोणते वाक्य आपण वाचले नाही, की वाचूनही त्याला न म्हणायचे ते म्हणायला लावले, हे मराठीत लिहून काढावे. अशी वही महिनाभर भरली की स्वतःचा दोष स्वतःला दिसू लागतो. कोणाचा ‘ओन्ली’ सुटतो, कोणाची शीर्षके चुकतात, कोणी घाईने शेवटचा उतारा सोडतो. दहा परीक्षा देऊन एकही न तपासणाऱ्यापेक्षा चार देऊन चारही तपासणारा पुढे जातो, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

पुण्यास जाणाऱ्याने जून ते सप्टेंबर या काळात वरंध घाटाच्या भरवशावर पहाटे निघू नये. दरड कोसळून रस्ता बंद होणे आपल्याला नवीन नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत शहर गाठावे, पासपोर्ट सोबत असल्याची खात्री करावी, आणि रात्री नवे काही वाचू नये.

आता एक छोटा अभ्यास. देशमुखांविषयी मी वर जो परिच्छेद लिहिला तो पुन्हा एकदा वाचावा, आणि केवळ त्याच्याच आधारे पुढील चार विधाने पडताळावीत. एक, आय. सी. एस. परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा देशमुखांचे वय पंचवीसपेक्षा कमी होते. दोन, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद त्यांना अर्थमंत्री झाल्यानंतर मिळाले. तीन, आय. सी. एस. झालेले महाड तालुक्यातील ते पहिले गृहस्थ होते. चार, केंब्रिजला जाण्यापूर्वीच त्यांचे इंग्रजी उत्तम होते. पहिल्यासाठी १८९६ आणि १९१८ या सालांची वजाबाकी पुरते. दुसऱ्यासाठी १९४३ व १९५० यांवर बोट ठेवता येते. तिसऱ्याविषयी परिच्छेदात शब्दही नाही. चौथ्यापाशी मात्र विद्यार्थी थबकतो. मॅट्रिकला पहिला आलेला, पुढे केंब्रिजला शिकलेला आणि लंडनच्या परीक्षेत अग्रस्थान मिळवणारा मुलगा इंग्रजीत कच्चा कसा असेल, असे त्याला वाटते, आणि ते वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण परिच्छेदात मॅट्रिकनंतर ज्या शिष्यवृत्तीचा उल्लेख आहे ती संस्कृतची आहे आणि त्यांच्या इंग्रजीविषयी तेथे एकही वाक्य नाही. तेव्हा चौथ्या विधानापुढे नॉट गिव्हन लिहावे.